नदी दारात, नळ कोरडा
शहरांचा पाणीपुरवठा, पूर आणि वीज : एक आढावा

१८ जुलै २०२१ च्या पहाटे भांडुपच्या जलशुद्धीकरण संकुलात पावसाचे पाणी शिरले. रात्रभर मुंबईवर पाऊस कोसळत होता आणि सकाळी विहार तलावही भरून वाहू लागला. त्याच सकाळी मुंबईच्या मोठ्या भागात नळाला पाणी आले नाही. संकुलातील विजेची उपकरणे भिजल्यामुळे गाळणी आणि पंप दोन्ही थांबवावे लागले. शहराला रोज साधारण ३,८५० दशलक्ष लिटर पाणी मिळते आणि भांडुपची शुद्धीकरणाची क्षमता २,८१० दशलक्ष लिटर आहे, यावरून एका आवारात किती गोष्टी एकवटल्या आहेत ते कळते. टप्प्याटप्प्याने यंत्रणा सुरू झाली, पाणी उकळून प्या अशी सूचना निघाली. त्या रात्री दरडी आणि भिंती कोसळून शहरात माणसे दगावली होती, त्यामुळे नळाची बातमी मागे पडली, आणि ते स्वाभाविकही होते.

तलाव तुडुंब आणि नळ कोरडा, ही विसंगती महाराष्ट्राला नवी नाही. कोल्हापूर-सांगलीने ती २०१९ आणि २०२१ अशी दोनदा अनुभवली. दिल्लीने २०२३ मध्ये, बंगळुरूने २०२२ मध्ये. परदेशांतली यादी याहून लांब आहे. पूर आणि वीज यांपासून शहराचे पाणी कसे वाचवायचे, या प्रश्नावर गेल्या तीसेक वर्षांत बरेच लिहिले गेले, काही बांधलेही गेले. त्या चर्चेचे आज काय झाले आहे, कशावर एकमत आहे आणि कुठे घोडे अडले आहे, ते पाहण्याचा हा प्रयत्न.

उताराचे पाणी, उपशाचे पाणी

शहरांचे जुने पाणी उताराने येई. मलिक अंबरच्या काळातली औरंगाबादची नहर, नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत १७५० च्या सुमारास कात्रजच्या तलावातून पुण्यात आणलेले पाणी, कोल्हापूर संस्थानच्या काळातला कळंबा तलाव, या सगळ्यांची रचना एकच : पाणी उंचावर अडवायचे आणि नळातून खाली सोडायचे. कात्रजच्या नळावरचे उच्छ्वास आणि पेठांमधले हौद हे त्या यंत्रणेचे सगळे सुटे भाग. पंप नाही, स्टार्टर नाही, त्यामुळे बंद पडायलाही काही नाही. अर्थात तेव्हाच्या पुण्याला लागणारे पाणी आजच्या एका उपनगरालाही पुरणार नाही. जुन्या यंत्रणांचे कौतुक करताना हा हिशेब बऱ्याचदा विसरला जातो.

शहरे वाढली, टेकड्यांवर चढली, तलाव अपुरे पडले. मग नदीकाठी जॅकवेल (नदीचे पाणी जिच्यात येते ती खोल विहीर) खोदायची, त्यावर पंपघर बांधायचे, पाणी उद्धरण नलिकेतून उंचावरच्या शुद्धीकरण केंद्राला आणि तिथून टाक्यांना पोचवायचे, ही पद्धत रूढ झाली. विसाव्या शतकात स्वस्त विजेने ती सर्वत्र पसरवली. आज बंगळुरू कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून तीन टप्प्यांत उपसून आणते. छत्रपती संभाजीनगरात जायकवाडीचा पंप काही तास थांबला की शहराच्या पाण्याचे वेळापत्रक काही दिवसांनी पुढे ढकलले जाते.

जॅकवेल नदीतच हवी, कारण उन्हाळ्यात नदीची धार आटते तेव्हाही तिच्यात पाणी आले पाहिजे. म्हणजे शहरातली सर्वात सखल जागा तिच्या वाट्याला येणार. पंप तिच्याजवळ, पंपाचे पॅनल पंपाजवळ आणि ट्रान्सफॉर्मर पॅनलजवळ, कारण केबल जितकी लांब तितका खर्च आणि गळती जास्त. प्रत्येक निर्णय त्या-त्या अभियंत्याच्या दृष्टीने बरोबरच होता. त्या सगळ्या बरोबर निर्णयांची बेरीज अशी झाली, की नदीला सर्वात जवळची वीज शहराच्या पाण्याची निघाली.

म्हणून पूर आणि वीज ही दोन संकटे वेगळी मोजण्यात फारसा अर्थ नाही. पुरात पंपघर बुडाले नाही तरी उपकेंद्र बुडते. तेही वाचले तर शॉक लागून माणसे मरू नयेत म्हणून वीज मुद्दाम तोडावी लागते. उलट बाजूही आहे. पाणी बाहेर उपसून टाकणारे पंप विजेवरच चालतात, त्यामुळे वीज गेली की जे पंपघर पुरातून बचावले असते तेही आतूनच भरते.

बंद पडलेली यंत्रणा बटण दाबून लगेच सुरू होत नाही, हेही बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. भिजलेली मोटर उचलून काढायची, वाइंडिंग वाळवायचे, मेगर लावून त्याचा रोध पाहायचा, मग ती परत बसवायची. चालू पंप अचानक थांबला तर नळातले पाणी मागे उसळते आणि त्या हादऱ्याने जुने सांधे उखडतात. रिकाम्या नळात हवा भरलेली असते, ती हळूहळू बाहेर काढावी लागते. त्याहून गंभीर गोष्ट दाबाची. नळात दाब असेपर्यंत फुटक्या जागेतून पाणी बाहेर जाते. दाब गेला की बाहेरचे पाणी आत येते, आणि पुराच्या दिवसांत बाहेर गटाराचे पाणी असते. पंप सुरू झाल्यावरही पाणी उकळून प्यायला सांगतात ते यामुळे.

ज्या घटनांनी चर्चा घडवली

या विषयावरच्या प्रत्येक बैठकीत तीच पाच-सहा शहरे पुन्हा पुन्हा येतात. प्रत्येक शहराचा धडा वेगळा आहे.

पुणे सर्वात जुने. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, पाठोपाठ खडकवासला फुटले आणि शहराचा पाण्याचा साठाच वाहून गेला. पंप वाचले असते तरी उपसणार काय? पुणेकरांना वाड्यांतल्या विहिरींकडे परत जावे लागले. एकाच साठ्यावर उभ्या शहराचे काय होते, याचे आपल्याकडे याहून मोठे उदाहरण नाही. मात्र पानशेतची चर्चा धरणाच्या सुरक्षिततेभोवती फिरत राहिली, पाणीपुरवठ्याचा धागा तिच्यात क्वचितच आला.

अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या डे मॉइन शहरात ११ जुलै १९९३ रोजी रॅकून नदीने पाणीपुरवठा केंद्राचा बांध ओलांडला. अडीच लाख लोकांचे नळ १२ दिवस बंद होते आणि पिण्याजोगे पाणी यायला १९ दिवस लागले. इंग्लंडमधील ग्लॉस्टरशायर परगण्यात जुलै २००७ मध्ये सेव्हर्न नदीकाठचे माइथ केंद्र बुडाले. साडेतीन लाख लोक, कमाल १७ दिवस. त्याच पुरात जवळचे वॉलहॅम वीज उपकेंद्र लष्कराने तात्पुरती भिंत उभारून थोडक्यात वाचवले. ते गेले असते तर लाखो लोक अंधारात गेले असते. सर मायकेल पिट यांच्या समितीने २००८ मध्ये ९२ शिफारशी केल्या. एक सेवा कोसळली की ती दुसरीला कशी ओढते, हा विचार त्या अहवालानंतर सरकारी भाषेत रुळला.

विजेच्या बाजूला १४ ऑगस्ट २००३ चा अमेरिका-कॅनडातला अंधार हा मैलाचा दगड. क्लीव्हलँडची मुख्य पंपिंग केंद्रे थांबली आणि सुमारे १५ लाख लोकांचे पाणी अडचणीत आले. न्यूयॉर्कमध्येही वीज नव्हती, पण डोंगरातले पाणी उताराने येत असल्यामुळे पाचव्या-सहाव्या मजल्यापर्यंतचे नळ चालू राहिले. त्यावरचे मजले गच्चीवरच्या टाक्या संपेपर्यंत. आपल्याकडे ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर, पूर्व आणि ईशान्य ग्रिड कोसळून सुमारे ६० कोटी लोकांचा भाग अंधारात गेला. पश्चिम ग्रिड टिकले, म्हणून महाराष्ट्राला त्याची झळ बसली नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई आणि परिसराची वीज गेली तेव्हा तो दिलासा संपला.

अलीकडच्या घटना जास्त गुंतागुंतीच्या आहेत. मिसिसिपी राज्यातील जॅक्सन शहरात ऑगस्ट २०२२ मध्ये सुमारे दीड लाख लोकांचे पाणी गेले. निमित्त पर्ल नदीच्या पुराचे, पण मुख्य पंप त्याआधीच नादुरुस्त होते आणि केंद्र बदली पंपांवर चालले होते. त्यानंतर काही दिवसांतच, सप्टेंबर २०२२ च्या पहिल्या आठवड्यात, मंड्या जिल्ह्यातल्या टी. के. हळ्ळी येथील पंपघरात पाणी शिरले आणि बंगळुरूचा कावेरीचा पुरवठा विस्कळीत झाला. शहरातल्या सोसायट्या पाण्यात होत्या आणि त्यांच्याच नळांना पाणी नव्हते. दिल्लीत १३ जुलै २०२३ रोजी यमुना २०८.६६ मीटरवर गेली. आधीचा विक्रम १९७८ चा, २०७.४९ मीटरचा. वझिराबाद, चंद्रावल आणि ओखला ही तीन शुद्धीकरण केंद्रे बंद करावी लागली.

आणि रिचमंड. व्हर्जिनिया राज्याच्या या राजधानीत ६ जानेवारी २०२५ रोजी बर्फवृष्टीत केंद्राची वीज गेली. दुसऱ्या वाहिनीवर आपोआप जाणारी व्यवस्था चालली नाही आणि बॅटरीचा आधारही वेळेवर पुरा पडला नाही. पाणी आत येतच राहिले, बाहेर काढणारे काही चालू नव्हते, आणि केंद्र आपल्याच पाण्यात बुडाले. नदीला पूर नसताना आलेला हा पूर! शहर पूर्वपदावर यायला पाच दिवस लागले. दोन वाहिन्या होत्या, जनरेटर होते, सगळे कागदावर चोख होते. या क्षेत्रातल्या माणसांना रिचमंडने जितके अस्वस्थ केले तितके मोठ्या महापुरांनीही केले नसेल.

कोल्हापूरचा प्रश्न

मराठी वाचकाला हा वाद समजून घ्यायला कोल्हापूर पुरेसे आहे, कारण सगळ्या बाजू तिथे एकाच शहरात भेटतात.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये नदीने ५५ फूट ओलांडले. दोन्ही वेळा बालिंगा, शिंगणापूर, नागदेववाडी ही नदीकाठची उपसा केंद्रे पाण्यात गेली आणि शहर टँकरवर आले. पाच लाखांच्या शहरात टँकर म्हणजे काय, याचा हिशेब सोपा आहे. मानवतावादी मदतीचे स्फिअर मानक माणशी दिवसाला किमान १५ लिटर सांगते. म्हणजे ७५ लाख लिटर, १० हजार लिटरच्या टँकरच्या साडेसातशे खेपा, दररोज. आपल्या शहरांसाठी धरले जाणारे प्रमाण माणशी १३५ लिटरचे आहे, म्हणजे एवढे करूनही गरजेचा नववा भागच भागतो. आणि टँकर भरायचे कुठून, हा प्रश्न उरतोच.

नदीतल्या पाण्याला पर्याय म्हणून कोल्हापूरने दुधगंगेवरच्या काळम्मावाडी धरणातून पन्नासेक किलोमीटरची थेट पाइपलाइन मागितली. मागणी मुळात पंचगंगेच्या प्रदूषणामुळे उठली होती, पूर हे कारण नंतर जोडले गेले. बरीच वर्षे रेंगाळून २०२३ च्या दिवाळीत ते पाणी शहरात आले. आता पूर आला तरी नळ वाहील, अशी लोकांची अपेक्षा आहे आणि ती गैर नाही. पण धरणातून पाणी उचलायला तिथेही पंप आहेत, त्यांना वीज लागते, आणि ती वीज डोंगराळ भागातून येते. पुराचा धोका कमी झाला, विजेवरचे अवलंबन राहिले. शिवाय नदीकाठची जुनी केंद्रे देखभालीचा खर्च सोसून राखीव ठेवायची की मोडीत काढायची, हा नवा प्रश्न तयार झाला.

चार मार्ग

या विषयात काम करणाऱ्यांचे ढोबळ मानाने चार पक्ष दिसतात. ते एकमेकांचे शत्रू नाहीत, पण पैसे मर्यादित असल्यामुळे कोणाला आधी हे ठरवावेच लागते.

पहिला पक्ष जागेवरच बचाव करण्याचा. बांध उंच करा, पॅनल आणि ट्रान्सफॉर्मर वरच्या मजल्यावर न्या, पंपघराला जलरोधक दारे बसवा, जिथे जमेल तिथे पाण्याखालीही चालणाऱ्या सबमर्सिबल मोटारी वापरा. पॅनल उचलून वर नेणे हा या सगळ्यात सर्वात स्वस्त उपाय आहे आणि त्यावर जवळपास सर्वांचे एकमत आहे. खरा वाद कोणत्या पातळीपर्यंत, हा. महाराष्ट्रात नद्यांना निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखतात. निळी सरासरी २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. ऐकायला शंभर वर्षे फार वाटतात. पण दर वर्षी एक टक्का शक्यता धरली तर तीस वर्षे चालणाऱ्या पंपघराच्या आयुष्यात तो पूर एकदा तरी येण्याची शक्यता साधारण चारात एक निघते. शिवाय कोल्हापूरसारख्या ठिकाणी तीन वर्षांत दोनदा विक्रमाजवळ पोचणारे पूर आले, तेव्हा जुन्या नोंदींवर आखलेली रेषा आजही तीच आहे का, असे जलशास्त्रज्ञ विचारतात. बांधाच्या विरोधकांचे म्हणणे असे, की भिंत जेवढी उंच तेवढी ती ओलांडली गेल्यावरची हानी मोठी, आणि एका ठिकाणी थोपवलेले पाणी शेजाऱ्याकडे जाते. पंपघराएवढ्या लहान जागेपुरता हा दुसरा आक्षेप मला फारसा लागू वाटत नाही. पहिला मात्र खरा आहे.

दुसरा पक्ष जागाच बदला म्हणतो. वरच्या धरणातून, शक्य तेवढ्या उताराने पाणी आणा. मुंबईची वैतरणा आणि तानसाची पाणीव्यवस्था बरीचशी अशी आहे, उलट भातसाचे पाणी पिसे येथे पंपाने उचलावे लागते. फेब्रुवारी २०२४ मध्ये पिसे केंद्रातल्या ट्रान्सफॉर्मरला आग लागली तेव्हा शहरात पाणीकपात करावी लागली. एकाच शहरात दोन्ही प्रकारांची तुलना यापेक्षा स्वच्छ होणार नाही. कोकणात चिपळूणसारख्या शहरात, २२ जुलै २०२१ चा वाशिष्ठीचा पूर पाहिल्यानंतर, उताराच्या योजनेचे आकर्षण वाढले ते याच कारणाने. पण उताराची योजना म्हणजे लांब नळ, आणि लांब नळ म्हणजे वाटेत तुटण्याच्या जागा. नॉर्थ कॅरोलायनातील ॲशव्हिल शहराचे पाणी डोंगरातून उताराने येते. २००४ च्या पुरात नळ वाहून गेला म्हणून त्यांनी नंतर पंचवीसेक फूट खोल पर्यायी नळ पुरला. २७ सप्टेंबर २०२४ रोजी हेलेन वादळाच्या पुरात दरीची जमीनच खरवडली गेली आणि तोही गेला. पिण्याजोगे पाणी १८ नोव्हेंबरला आले. दोन नळ एकाच दरीतून जात असतील तर ते दोन धरायचे का, हा प्रश्न ॲशव्हिलने सर्वांपुढे ठेवला.

तिसरा पक्ष वीज पक्की करण्याचा. पंपघराला एक्स्प्रेस फीडर, म्हणजे फक्त त्याच्यासाठीची वीजवाहिनी, हवा, तोही दोन वेगळ्या उपकेंद्रांतून, आणि वर डिझेल जनरेटर. फीडर दोन आहेत असे अनेक पालिका सांगतात. चौकशी केली तर दोन्ही एकाच उपकेंद्रातून निघालेले असतात, कधी एकाच खांबांच्या रांगेवरून आलेले. जनरेटरबद्दलही भाबडेपणा बराच आहे. थोडे गणित करू. रोज १०० दशलक्ष लिटर पाणी १०० मीटर उचलायचे, पंप-मोटारीची एकत्र कार्यक्षमता ७० टक्के धरायची, तर सुमारे ३९ हजार युनिट लागतात, म्हणजे अखंड दीड मेगावॅटच्या वर. डिझेलच्या एका लिटरला साडेतीन युनिट धरले तर दिवसाला ११ हजार लिटर डिझेल. जवळपास एक पूर्ण टँकर, रोज, तोही महापुरात. २०१९ मध्ये पुणे-बंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ कित्येक दिवस बंद होता आणि कोल्हापुरात इंधनाचाच तुटवडा पडला, हे इथे आठवावे लागते. त्यामुळे या पक्षातले जाणकार आता सगळी यंत्रणा जनरेटरवर चालवण्याची भाषा करत नाहीत. निम्मे पंप, क्लोरिनची मात्रा देणारे यंत्र, मीटर आणि नियंत्रणाची उपकरणे, आणि पंपघरातले पाणी बाहेर काढणारे पंप, एवढ्यांपुरती वीज राखायची असे ते म्हणतात. सौर ऊर्जेने वर्षभराचे बिल कमी होते, त्यात शंका नाही. पण सात दिवस सूर्य न दिसणाऱ्या आषाढात तिच्यावर शहराचे पाणी सोपवायला कोणी तयार नाही.

चौथा पक्ष संख्येने लहान आहे आणि माझ्या मते त्याच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. त्याचा प्रश्न उलट्या टोकाने सुरू होतो. पंप बंद पडणारच असे धरून चाला, आणि शहर किती तास पंपाविना राहू शकते ते सांगा. उंचावरच्या टाक्या भरलेल्या असतील तर त्यांतले पाणी उताराने घरोघरी जाते, त्याला वीज लागत नाही. बहुतेक शहरांत टाक्या वाटपाच्या सोयीने बांधल्या आहेत, सकाळी भरायच्या आणि दुपारपर्यंत रिकाम्या करायच्या. आपत्तीसाठी त्यांत काही तास शिल्लक ठेवायचे, मुसळधार पावसाचा इशारा आला की त्या आदल्या रात्रीच काठोकाठ भरायच्या, दोन विभागांचे नळ जोडून गरज पडल्यास एकाचे पाणी दुसऱ्याला द्यायचे, शहरातल्या विहिरींची यादी आणि तपासणी चालू ठेवायची, असे त्याचे उपाय आहेत. माइथच्या पुरानंतर ग्लॉस्टरशायरमध्ये केंद्राभोवती भिंत तर बांधलीच, पण दुसऱ्या स्रोताचे पाणी तिथे पोचवणारा नळही टाकला. या पक्षाला तोच भाग महत्त्वाचा वाटतो. आक्षेप खर्चाचा आहे. पाच लाख लोकांना माणशी १३५ लिटर, म्हणजे एका दिवसाला पावणेसात कोटी लिटर. एवढ्या टाक्या बांधायला शहरात जागा नाही, आणि जास्त दिवस साठवलेल्या पाण्यातला क्लोरिन उडून जातो. त्यावर उत्तर असे, की आपत्तीत १३५ लिटर कोणी मागत नाही.

माणसांची बाजू

या चारही मार्गांच्या खाली एक पाचवी गोष्ट वाहते आणि बांधकामाच्या प्रस्तावात ती दिसत नाही. रिचमंडला उपकरणे होती. जॅक्सनला पंप होते. कमी होती ती देखभालीची, सरावाची आणि रात्रपाळीला पुरेशा माणसांची. आपल्याकडे पंपघरावरचा चालक आणि गल्लीतला चावीवाला हे बऱ्याच ठिकाणी कंत्राटी असतात. कोणता व्हॉल्व्ह किती फेरे फिरवला की चढावरच्या वस्तीत पाणी पोचते, हे नकाशात नसते, त्याच्या हातात असते. पुरात त्याच्या घरात पाणी शिरले असेल तर तो कामावर येणार कसा, याचा विचार फार थोड्या आराखड्यांत आढळतो.

अमेरिकेने २०१८ च्या कायद्याने ३,३०० पेक्षा जास्त लोकांना पाणी देणाऱ्या प्रत्येक यंत्रणेला जोखमीचा आढावा आणि आपत्कालीन आराखडा बंधनकारक केला, आणि तो दर पाच वर्षांनी तपासायला लावला. समर्थक म्हणतात, निदान विचार तरी लिहून काढला जातो. टीकाकार म्हणतात, कागद तयार होतात. रिचमंडलाही तो कायदा लागू होताच.

न सुटलेले

पहिला न सुटलेला प्रश्न जबाबदारीचा. पाणी महापालिकेचे, वीज महावितरणची, धरण जलसंपदा खात्याचे, योजना पुष्कळदा जीवन प्राधिकरणाने केलेली. पंप वीज नसल्याने थांबला की पालिका महावितरणकडे बोट दाखवते, आणि महावितरण थकलेल्या बिलांकडे. दोघांचेही म्हणणे खरे असते. पंपघर किती वेळ, कशामुळे बंद होते याची नोंद दोन्हीकडे ठेवली जाते, पण त्या नोंदी एकत्र मांडून लोकांसमोर ठेवण्याची पद्धत आपल्याकडे रूढ झालेली नाही. पुढचा रुपया बांधावर घालायचा की फीडरवर, हे ठरवायला नेमकी तीच आकडेवारी लागते.

दुसरा पैशाचा. नवी योजना बांधायला केंद्र-राज्याचे अनुदान मिळते, जुने पॅनल वर उचलायला किंवा राखीव पंप वर्षातून चार वेळा फिरवून पाहायला ते मिळत नाही. तो खर्च पाणीपट्टीतून करायचा आणि पाणीपट्टी वाढवायला कोणीच नगरसेवक हात वर करत नाही. त्यामुळे स्वस्त उपाय रखडतात आणि महाग उपाय मंजूर होतात. भांडुपला जुन्या १,९१० दशलक्ष लिटर क्षमतेच्या केंद्राची जागा घेणारे २,००० दशलक्ष लिटरचे नवे केंद्र हाती घेतले आहे. नव्या बांधकामात उंचीचा विचार करता येतो, हे खरेच. पण त्याने एकाच आवारातले एकवटणे कमी होत नाही, आणि शहरभर लहान केंद्रे विखुरावीत की नाही यावर अभियंत्यांत आजही दुमत आहे. विखुरलेली केंद्रे एकदम बुडत नाहीत. त्यांवर देखरेख ठेवायला मात्र तेवढीच जास्त माणसे लागतात.

तिसरा प्रश्न मला सर्वात चमत्कारिक वाटतो. आपल्या शहरांत पाणी दिवसातून काही तास येते, म्हणून घराघरात जमिनीखाली एक आणि गच्चीवर एक टाकी असते. खंडित पुरवठ्याचे तोटे सर्वांना माहीत आहेत : दाब रोजच जातो, नळात घाण रोजच ओढली जाते. म्हणून २०२४ च्या केंद्रीय नियमपुस्तिकेपासून अनेक शहरांच्या योजनांपर्यंत सगळ्यांचा रोख चोवीस तास, दाबाखालच्या पाण्याकडे आहे, आणि आरोग्याच्या दृष्टीने तो बरोबरच आहे. पण चोवीस तास पाणी आले की घरची टाकी अडगळ ठरते आणि ती हळूहळू काढली जाते. मग पंप थांबल्यावर एक-दोन दिवस ज्या साठ्यावर घरे निभावून नेतात, तो साठा शहराने कुठे ठेवायचा? ज्या वस्त्यांत आज टाकी बांधायला जागा नाही, जिथे पाणी पिंपात भरले जाते, त्यांच्याकडे तो आजही नाही. नळ बंद पडला की त्यांचे पिंप त्याच संध्याकाळी रिकामे होते.

विहिरींचेही तसेच आहे. १९६१ मध्ये पुण्याला वाड्यातल्या विहिरी सापडल्या. वाडे गेले तसे त्यांतल्या बऱ्याच बुजल्या, काहींवर पार्किंग झाले. ज्या उरल्या त्यांत गटाराचे पाणी झिरपते का, हे पुराआधी तपासायचे तर पालिकेच्या कोणत्या खात्याने, पाणीपुरवठ्याने की आरोग्याने, इथपासून सुरुवात आहे.